दृक्-श्राव्य साधने आणि मराठी संशोधनातील संदर्भशिस्त

मराठी वाङ्मयाच्या संशोधनात छापील ग्रंथाचा संदर्भ कसा द्यावा याविषयी एक शिस्त आता बऱ्यापैकी रुजली आहे. आवृत्ती, प्रकाशक, वर्ष, पृष्ठांक यांपैकी काही गळाले तर मार्गदर्शक ते दाखवून देतो आणि परीक्षकही अहवालात तशी नोंद करतो. त्याच प्रबंधात चित्रपटातील प्रसंग, आकाशवाणीवरील कार्यक्रम, ध्वनिमुद्रित ओवी किंवा शिलालेखाचे छायाचित्र आले की मात्र ही शिस्त सैल पडते. चित्रपटाचे नुसते नाव, मुलाखतीपुढे ‘ध्वनिमुद्रित’ एवढाच शब्द, छायाचित्राखाली ‘साभार’ अशी मोघम नोंद, यावर काम भागवले जाते. ‘साभार’ या शब्दाने सौजन्य व्यक्त होते. विधानाला पुरावा मिळत नाही. दृक्-श्राव्य साधन हे प्रबंधाची शोभा वाढवणारे परिशिष्ट आहे, अशी समजूत या ढिलाईच्या मुळाशी आहे. ती सोडल्याखेरीज या साधनांवर आधारलेल्या निष्कर्षांना विश्वासार्हता येणार नाही.

या ढिलाईतून काय घडू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण संतवाङ्मयाच्याच क्षेत्रातले आहे. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटात बीज आणि तरू यांचा दृष्टान्त असलेले एक पद आहे. ते शांताराम आठवले यांनी लिहिले. तुकोबांच्या वाणीशी ते इतके एकरूप झाले, की अनेकांनी ते तुकोबांचाच अभंग म्हणून स्वीकारले. गाथेत मात्र ते नाही. सामान्य श्रोत्याची अशी गफलत झाली तर ती कवीच्या सामर्थ्याची पावतीच ठरते. अभ्यासकाने ते पद तुकोबांच्या नावावर घालून त्यावरून त्यांच्या अद्वैतविचाराचे विवेचन केले, तर मात्र त्या विवेचनाचा पायाच खचतो. पद ऐकले कोठे आणि त्याचा गीतकार कोण, एवढी तळटीप लिहायला बसलेल्या अभ्यासकाला ही चूक लिहिता लिहिताच सापडली असती.

हाच धोका आजच्या कादंबरी-अभ्यासातही आहे. कागलचे आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ या कादंबरीवर रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २०१० साली प्रदर्शित झाला. त्याची गीते गुरू ठाकूर यांची आणि संगीत अजय-अतुल यांचे. कादंबरीतील तमाशाचित्रणाचा विचार करताना चित्रपटातील लावणीचा आधार घेतला, तर तो यादवांच्या शब्दांचा पुरावा होऊ शकत नाही. माध्यमांतराचा अभ्यास अवश्य करावा. परंतु कोणते विधान कादंबरीवर उभे आहे आणि कोणते चित्रपटावर, हे वाचकाला तळटीपेवरून कळले पाहिजे.

दुसरा प्रश्न पाठभेदांचा आहे. हस्तलिखितांच्या पाठभेदांविषयी दक्ष असलेला अभ्यासक ध्वनिमुद्रणाच्या पाठभेदांविषयी सहसा उदासीन असतो. गदिमांचे ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झाले, तेव्हा त्यातील गीते अनेक गायक-गायिकांनी गायिली होती. पुढे ध्वनिमुद्रिकांतून घरोघरी पोहोचले ते मुख्यतः सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातील रूप, आणि पुस्तकातील संहिता हे त्याचे तिसरे रूप. ‘गीतरामायणातील स्त्रीस्वर’ असा विषय घेणाऱ्याने यांपैकी कोणते रूप ऐकले हे सांगितले नाही, तर त्याचे प्रतिपादन तपासायचे तरी कशावरून? शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाचेही तसेच आहे. छापील कथा आणि सांगितलेली कथा यांतील अंतर, श्रोत्यांच्या हशाला दिलेली जागा, बोलीचा चढउतार हाच जेथे अभ्यासविषय होऊ शकतो, तेथे कथासंग्रहाचा पृष्ठांक देऊन ध्वनिफितीवरील निरीक्षण मांडणे हा पद्धतिदोष होय. ‘प्रभात’ने काही चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढले. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरील ‘कुंकू’ (१९३७) हिंदीत ‘दुनिया न माने’ या नावाने आला. येथे भाषेचा उल्लेख केल्याशिवाय संवादाचा संदर्भ पूर्ण होत नाही.

याहून नाजूक प्रश्न आहे तो न पाहिलेल्या चित्रपटाचा. कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारणारे बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) हा मूकपट आज उपलब्ध नाही. तरीही त्यातील दृश्यांचे वर्णन प्रबंधांतून प्रत्यक्षदर्शीच्या थाटात येते. हे वर्णन आठवणींतून, आत्मचरित्रांतून किंवा चित्रपटेतिहासांतून घेतलेले असते. तेव्हा संदर्भही त्या ग्रंथाचाच द्यायला हवा. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची आज पाहायला मिळणारी रिळे १९१३ च्या मूळ चित्रपटाची की १९१७ मधील पुनर्निर्मितीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अशा ठिकाणी नुसते ‘१९१३’ लिहिणे म्हणजे एका वादाचा निकाल नकळत देऊन टाकणे आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा नष्ट झाला. त्यानंतर तर कोणती प्रत, कोठे, केव्हा पाहिली ही नोंद स्वतःच एक ऐतिहासिक कागद ठरते.

प्रतिमांविषयी थोडक्यात सांगायचे तर, आक्षीच्या शिलालेखाचे वाचन आणि कालनिर्णय हा वादाचा विषय राहिला आहे. एखाद्या अक्षराविषयी मत देताना अभ्यासकाने प्रत्यक्ष शिळा पाहिली, शाईचा ठसा पाहिला की पुस्तकात छापलेले छायाचित्र पाहिले, यावर त्या मताचे वजन ठरते.

तथापि या विषयाची खरी कसोटी क्षेत्रीय ध्वनिमुद्रणात लागते. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या कागल तालुक्यातील बिद्रीसारखे गाव घ्यावे. गळीत हंगामात ऊसतोडणीच्या टोळ्या दूरच्या जिल्ह्यांतून कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात येतात. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने तेथील खोपीत बीडकडून आलेल्या स्त्रीच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या आणि संदर्भात ‘बिद्री, ता. कागल’ एवढेच लिहिले. दहा वर्षांनी बोलीचा अभ्यासक त्या ओव्यांतील रूपे कागल परिसरातील बोलीची म्हणून नोंदवील. ध्वनिमुद्रणाचे स्थळ आणि गाणारीचे मूळ गाव या दोन नोंदी वेगळ्या ठेवल्या असत्या, तर एका खोट्या निष्कर्षाची परंपरा सुरूच झाली नसती.

येथे प्रश्न केवळ अचूकतेचा राहत नाही. ओवी संकलित करणाऱ्या प्राध्यापकाचे नाव पदव्यांसह छापले जाते, गाणारी मात्र ‘एक वृद्ध स्त्री’ म्हणून उरते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि त्यातील ओव्या २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत आहेत. तेथे ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला आढळतो. त्यामुळे ओवीचा संदर्भ देताना गाणारीचे नाव कर्त्याच्या जागी घेता येते. अर्थात, नाव देण्यास तिची संमती असली पाहिजे. आणि नसेल, तर नाव गाळल्याचे कारण लिहिले पाहिजे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की एम. एल. ए. सारख्या परदेशी पुस्तिकांत सर्व नमुने तयार आहेत, तेव्हा नवा विचार कशाला? त्या पुस्तिकांचा सांगाडा उपयोगी आहेच. परंतु खोपीतली ओवी, जागरणातले पद, फडावरची लावणी यांसाठी कोणत्या नोंदी आवश्यक, हे मराठी विभागांनीच ठरवायला हवे. दुसरा आक्षेप साधनांच्या टंचाईचा. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याला पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात वारंवार जाणे परवडत नाही. तो यूट्यूबवरची प्रत पाहतो. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ती प्रत कोणी ठेवली, किती मिनिटांची आहे आणि कोणत्या दिवशी पाहिली हे लिहावे; ठेवणाऱ्याला कर्ता समजू नये, इतकेच.

किमान नोंदी फार नाहीत. चित्रपटासाठी नाव, दिग्दर्शक, संस्था, वर्ष, भाषा आणि पाहिलेली प्रत. प्रसंगासाठी मिनिट-सेकंद, आणि प्रतीप्रतींत काटछाट असल्याने प्रसंगाचे एका वाक्यातील वर्णनही. गीतासाठी गीतकाराचे नाव स्वतंत्रपणे. ध्वनिमुद्रणासाठी बोलणारी व्यक्ती, तिचे गाव, मुद्रणाचे स्थळ व दिनांक, मुद्रण करणारा आणि फीत कोठे ठेवली आहे ती जागा. प्रतिमेसाठी मूळ वस्तू आणि तिची प्रतिकृती यांचा वेगवेगळा उल्लेख.

यांतील शेवटून दुसरी बाब सर्वाधिक दुर्लक्षित आहे. मौखिक परीक्षा झाली, पदवी मिळाली, मोबाइल बदलला, की मुलाखत नाहीशी होते आणि तिच्यावर उभा असलेला प्रबंध मात्र ग्रंथालयात राहतो. जी फीत कोणालाही पुन्हा ऐकता येत नाही, तिचा संदर्भ तपासता येत नाही. प्रबंधासोबत ध्वनिमुद्रणांची प्रत विभागात जमा करून घेण्याचा नियम विद्यापीठांनी केला, तर त्यासाठी मोठा खर्च लागणार नाही. तो होईपर्यंत निदान प्रत्येक मार्गदर्शकाने आपल्या विद्यार्थ्याला एवढे विचारावे : हे कोणाच्या तोंडून ऐकले, आणि ते आज पुन्हा कोठे ऐकता येईल?