वाकडच्या सुताराचा पणजोबा

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील लंडनच्या एखाद्या सुताराचे घराणे शोधायचे असेल, तर त्याच्या आजच्या वंशजाला फारशी यातायात पडत नाही. जनगणनेची १८४१ पासूनची बहुतेक घरोघरची पत्रके तिकडे जपलेली आहेत; शंभर वर्षे उलटली की ती खुली होतात. १९२१ ची २०२२ मध्ये झाली. १८५१ पासूनच्या पत्रकांत प्रत्येकाचे नाव, कुटुंबप्रमुखाशी नाते, वय, धंदा आणि जन्मस्थळ मिळते. दहा वर्षांनी तेच घर पुन्हा समोर येते, तेव्हा शिकाऊ पोरगा कारागीर झालेला असतो, आई विधवा होऊन लोकांचे कपडे धूत असते.

हाच शोध वाकडच्या सुतारासाठी घेऊन पाहावा. जनगणना तर इकडेही त्याच राणीच्या सरकारने केली. मुंबई इलाख्यात १८७२ साली आणि सबंध देशात एकाच वेळी १८८१ साली. पण कोष्टके तयार झाल्यावर पत्रके मोडीत निघाली. जिल्ह्यात सुतार किती, लोहार किती, एवढेच उरले.

वाकडच्या शेजारचे पिंपळे सौदागर त्या मानाने भाग्यवान. पुण्याच्या शेतकी कॉलेजातील हॅरॉल्ड मान यांनी त्या गावाची पाहणी करून १९१७ साली पुस्तक प्रसिद्ध केले. १७७१ साली सरासरी ४० एकरांचे असलेले खाते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते, हे त्यांनी दाखवून दिले. दीडशे वर्षांचा हा माग लागला तो जमिनीमुळे. सुताराची मजुरी मात्र खळ्यावर धान्यात मिळे, आणि त्या धान्याची पावती कोण ठेवणार?

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) बलुतेदारांची कामे आणि हक्क बारकाईने आले आहेत. पण सुतार तेथे ‘सुतार’ म्हणूनच वावरतो. ग्रंथाचा विषय व्यवस्था हा असल्याने आत्र्यांना दोष देता येणार नाही. दोष आपला, साहित्य शिकवणाऱ्यांचा. ग्रामीण कादंबरीला आपण ‘सामाजिक दस्तऐवज’ म्हणतो आणि खरा दस्तऐवज उघडण्याची तसदी घेत नाही.

तो अगदीच नाही असेही नाही. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, शाळेच्या जनरल रजिस्टरात, क्वचित एखाद्या फेरफारात हा माणूस भेटू शकतो. अडचण आहे ती नावाची. जुन्या मोडी कागदात तो ‘अमुक बिन तमुक सुतार’ असतो, नातू शाळेत जाताना गावावरून आडनाव घेतो आणि धागा तुटतो. अशा वेळी घरातल्या म्हातारीला विचारावे; कागदाइतकेच तिलाही ठाऊक असते, आणि ती वाट पाहत थांबणार नाही.

२०२३ साली न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभर कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे बाहेर निघाली. मोडी वाचणाऱ्याला अचानक मान आला. आनंदच आहे. पण लाखो पानांवरून नजर फिरली ती एकाच शब्दाच्या शोधात. त्याच पानांवरच्या सुतार, कुंभार, महार, न्हावी यांच्या ओळी तशाच ओलांडल्या गेल्या. ही पाने उघडी असेपर्यंत मराठीच्या आणि इतिहासाच्या विभागांनी एकेका गावाची सगळी नावे उतरवून काढावीत. एम. ए.च्या प्रबंधाला याहून चांगला विषय मला तरी सुचत नाही.

आता २०२७ च्या जनगणनेत जातींची नोंद व्हायची आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याचे कलम १५ ही पत्रके पाहण्याचा हक्क कोणालाही देत नाही आणि या मनाईला कालमर्यादाही घालत नाही. जिवंत माणसांपुरते ते योग्यच. माझी जात शेजाऱ्याने सरकारी कागदात चाळावी हे मलाही रुचणार नाही. पण शंभर वर्षांनंतरही तोच पडदा का? यंदा माहिती मोबाईलवर भरली जाणार असल्याने कागद साठवायला जागा नाही ही सबबही उरलेली नाही. कायद्यात शंभर वर्षांचे एक पोटकलम घालावे, आणि तोवर नोंदी पुसू नयेत. आज वाकडच्या बांधकामांवर फर्निचरचे काम करणारा सुतार बहुधा दूरच्या कुठल्या जिल्ह्यातून, नाहीतर परराज्यातून आलेला असतो. त्याच्या पणतीला तो २१२७ साली सापडायला हवा.