माणसे मिळतात की!

काही महिन्यांपूर्वी एका चर्चासत्राच्या चहापानात आमच्या एका समीक्षक मित्राचे लक्ष आमच्या नखांकडे गेले. आदला रविवार आम्ही आमच्या जुन्या मारुती ८००च्या बॉनेटखाली घालवला होता. कपडे धुण्याच्या पावडरीने ग्रीस निघते तितके निघाले होते, उरलेले नखांच्या कडेला बसले होते. आम्ही खरे कारण सांगितले. मित्र हसले आणि म्हणाले, "अहो, पण या कामाला माणसे मिळतात की!"

हे मित्र सज्जन आहेत. वाक्यात कुचेष्टा नव्हती, उलट आमच्याविषयीची काळजीच होती. म्हणूनच ते वाक्य तपासण्याजोगे वाटते. आपल्या साहित्यव्यवहारात जे सहज, विचार न करता बोलले जाते, त्यातच त्या व्यवहाराची खरी भूमिका सापडते.

भाजी मिळते, रिक्षा मिळते, तशी माणसे मिळतात. या वाक्यातील 'माणसे' म्हणजे कोण, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही आणि बोलणारा स्वतः त्यांच्यात नसतो. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात वर्णिलेली बलुतेदारी आज कागदोपत्री उरलेली नाही, पण तिचे व्याकरण आमच्या मित्राच्या तोंडून सुखाने नांदते आहे. लोखंडाला हात लावणारा एक, आणि लोखंडावर निबंध लिहिणारा दुसरा. (निबंध लिहिणारा बहुधा 'श्रमसंस्कृती' हा शब्दही वापरतो.)

गंमत अशी की ज्या परंपरेचा दाखला आपण उठताबसता देतो, तिला ही विभागणी मान्य नव्हती. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतमंडळींची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा आपण वर्गात भक्तीचा दृष्टांत म्हणून शिकवतो. परंतु ती आधी कुंभाराच्या परीक्षणाची कथा आहे. कच्चे मडके आणि भाजलेले मडके वेगवेगळे वाजतात, हे ज्याच्या कानाला ठाऊक आहे त्यालाच ती सुचू शकते. सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी यांनी आपला धंदा बाजूला ठेवून कविता केली नाही, त्यांची प्रतिमासृष्टी धंद्यातूनच आली.

संत फार दूरचे वाटत असतील तर विसाव्या शतकात यावे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत होते. किर्लोस्कर बंधूंचा उद्योग बेळगावातल्या सायकलींच्या दुकानापासून सुरू झाला आणि लोखंडी नांगरांपर्यंत गेला. त्या नांगरांच्या कारखान्याची माहिती देणारे पत्र म्हणून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले. पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाला त्याने काही दशके वळण लावले. आधुनिक मराठी नियतकालिकांच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान अशा रीतीने नांगराच्या कारखान्यात लिहिले गेले आहे. हा इतिहास आम्ही विद्यार्थ्यांना सनावळीसह पाठ करायला लावतो आणि चहापानात म्हणतो, माणसे मिळतात की!

आता मूळ मुद्द्याकडे. घरच्या घरी गाडी उघडणारा हौशी माणूस नेमके काय करतो? लोकांची समजूत अशी की तो पैसे वाचवतो, किंवा वेळ घालवतो. पैसे वाचतात हे खरेच, पण पहिल्या वर्षी ते सगळे पाने विकत घेण्यात जातात. तो जे करतो त्याला आम्ही वाचन म्हणतो, आणि हा शब्द अलंकार म्हणून वापरत नाही.

आमची मारुती सिग्नलला उभी राहिली की थरथरायची. गॅरेजच्या मराठीत याला 'मिसिंग मारणे' म्हणतात, म्हणजे तीन सिलिंडरपैकी एखादा आपले काम चुकवतो आहे. कोणता, हे शोधण्याची रीत जुनी आहे. इंजिन चालू ठेवून, रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर सोडवायची. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर इंजिन आणखी अडखळते तो निरोगी. ज्याची वायर काढून काहीच फरक पडत नाही तो दोषी, कारण तो आधीच गप्प होता. (ही रीत जुन्या इग्निशनच्या गाड्यांपुरतीच, नव्या गाडीत असे करू नये.) मग तो प्लग उघडायचा आणि त्याच्या टोकाकडे बघायचे. फिकट तपकिरी रंग असेल तर ज्वलन व्यवस्थित आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. काळा पण तेलकट असेल तर इंजिनातले ऑइल वर येते आहे, पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सिले तपासावीत. पांढराफटक, भाजल्यासारखा असेल तर उष्णता जास्त, बहुधा मिश्रणात पेट्रोल कमी. दिसतो तो नखाएवढा भाग, पण इंजिनाच्या आत काही हजार किलोमीटर काय घडत होते याचा लेखी पुरावा तिथे असतो. एका खुणेवरून निष्कर्ष काढायचा नाही, दुसऱ्या खुणेशी ताडून पाहायचा, आणि आपले अनुमान चुकीचे निघाले तर मागे येऊन पुन्हा आरंभ करायचा. संहितेच्या वाचनाविषयी आम्ही विद्यार्थ्यांना याहून वेगळे काही सांगतो असे वाटत नाही. फरक इतकाच, की इथे चुकीचे वाचन रस्त्यात बंद पडते.

गेली तीसेक वर्षे आपल्याकडे 'विरचना' या शब्दाला मोठा मान आहे. शब्दाशी आमचे भांडण नाही. पण ज्याने एकदा कार्ब्युरेटर उघडला आहे, त्याला उघडण्याच्या कृतीची एक जबाबदारी कळते. जेट, फ्लोट, सुई, डायफ्राम, दोन इवल्याशा स्प्रिंगा, सगळे वर्तमानपत्रावर क्रमाने मांडावे लागते, कारण संध्याकाळी ते पुन्हा जोडायचे असते. उघडून टेबलावर पसरून ठेवलेल्या साहित्यकृती आम्ही पुष्कळ पाहिल्या. परत जोडताना एखादा वायसर हातात शिल्लक राहिला म्हणून अस्वस्थ झालेला समीक्षक मात्र अजून भेटायचा आहे.

भाषेचाही प्रश्न आहे, आणि तो आमच्या वाचकांच्या घरचा आहे. परिभाषा कोशांनी पिस्टनला 'दट्ट्या' आणि व्हॉल्व्हला 'झडप' दिले. शब्द वाईट नाहीत, पण गॅरेजने ते घेतले नाहीत. यावरून 'मराठी मेली' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एकदा गॅरेजमध्ये तासभर बसावे. नामे इंग्रजी आहेत, तीही घासूनपुसून मराठी जिभेवर बसवलेली. क्रियापदे मात्र जवळजवळ सगळी आपली आहेत. इंजिन 'उतरवतात', 'उघडतात' आणि 'बांधतात'. बोल्टचे आटे 'जातात'. पाना 'घसरतो'. क्लच 'धरत नाही'. ब्रेकमध्ये हवा 'येते' आणि ती 'काढावी' लागते. भाषा कुठे जिवंत आहे हे नामांवरून नव्हे, क्रियापदांवरून ओळखावे, असे आम्हांस वाटते. एखाद्या विद्यार्थ्याने पीएचडीसाठी विषय मागितला तर आम्ही हा सुचवू. मार्गदर्शक मिळेल याची खात्री देत नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हा जुन्या गाडीचा स्मरणरंजनी गौरव आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली तेव्हा जे अश्रू ढाळले गेले, त्यांत आमचे नव्हते. त्या गाडीचा ब्रेक ज्याने मुसळधार पावसात दाबला आहे, तो तिच्यावर कविता करणार नाही. 'जुगाड' या शब्दाभोवती जी आरती चालते तीही आम्हांला मान्य नाही. ब्रेकचा गळका पाइप तारेने बांधणे ही प्रतिभा नव्हे, ती पुढच्या माणसाच्या जिवाशी केलेली बेपर्वाई आहे. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली, खाली स्टँड न लावता, शिरणाऱ्या हौशी वीरांनाही आमचा हाच निरोप आहे.

आमचा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. कुटुंबात दुसरी, नवी गाडी आहे. तिचे इंजिन उभे असताना वरखाली होऊ लागले. सर्व्हिस सेंटरने थ्रॉटल बॉडीचा संपूर्ण संच बदलण्यास सांगितले आणि पाच अंकी आकडा दिला. आम्ही नळी सोडून पाहिली. थ्रॉटलच्या चकतीच्या कडेला कार्बनचा थर होता, इतकेच. काही शे रुपयांच्या स्प्रेने तो निघाला. परंतु खरी अडचण पुढे होती. गाडीच्या संगणकाने मळक्या चकतीची सवय लावून घेतली होती, तिला आता स्वच्छ चकतीची नवी ओळख करून द्यायला हवी होती. काही गाड्या ते आपोआप शिकतात, काहींना निदानयंत्र जोडून आज्ञा द्यावी लागते आणि ती आज्ञा देणारे यंत्र बहुधा कंपनीच्या दुकानातच असते. म्हणजे पुस्तक तुमचे, पैसे तुम्ही मोजलेले, पण अमुक पानापुढे वाचायचे असेल तर प्रकाशकाच्या कार्यालयात या.

ही आमची एकट्याची रड नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार उत्पादकांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत या कारणासाठी. पुढे अपिले झाली. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात एक संकेतस्थळही सुरू झाले आणि त्यात मोटारींचे क्षेत्र समाविष्ट आहे. हक्काचे रूपांतर अद्याप कायद्यात झालेले नाही. मराठी साहित्यविश्वाने या विषयावर एक परिसंवाद तरी घेतला काय? अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर आम्ही दरवर्षी ठराव करतो. स्वतःच्या मालकीची वस्तू उघडून समजून घेण्याच्या स्वातंत्र्यावर मौन, कारण तिथे माणसे मिळतात.

गाडीत बदल करणाऱ्यांविषयी थोडे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. सायलेन्सर पोखरून गल्ली उठवणारे आणि समोरच्याचे डोळे दिपवणारे दिवे लावणारे यांच्यासाठी आम्हांला अश्रू नाहीत. ते वाईट ललित लेखन आहे, विशेषणेच विशेषणे. पण चांगला बदलही असतो. पाय अधू असलेल्या माणसासाठी ब्रेक आणि अॅक्सिलरेटर हाताशी आणून देणे, हा या कलेचा सर्वांत उंच बिंदू आम्ही मानतो आणि कायद्यालाही तो मान्य आहे. ज्याने तो दांडा पहिल्यांदा बसवला असेल, त्याने आधी कोणाच्या तरी गुडघ्याचा विचार केला असणार.

एक आक्षेप राहतो आणि तो खरा आहे. रविवारी हौसेने हात काळे करणारा आणि बाराव्या वर्षापासून पोटासाठी हात काळे करणारा, हे एक नव्हेत. आमच्या नखांतले ग्रीस सोमवारी जाते. शिवाय या हौसेच्या अंगणात स्त्रिया फारशा दिसत नाहीत, त्याला त्यांची अनिच्छा नव्हे, आमचे अंगण कारण आहे. दोन्ही कबूल. तरीही ज्याने एक बसलेला बोल्ट तासभर झगडून सोडवला आहे, तो मिस्त्रीच्या मजुरीवर घासाघीस करताना जरा अडखळतो. आमच्यापुरते तरी हे घडले.

मारुतीची ती हकीकत पुरी करायला हवी. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग तेलकट नव्हता, काजळलेला होता. प्लग बदलला, त्याच उत्साहात तिन्ही वायरी काढून पुसल्या, परत लावल्या. गाडी सुरूच होईना, उलट कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज येऊ लागला. शेवटी चौकातल्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी एकवार पाहिले, दोन वायरींची अदलाबदल केली आणि चावी फिरवायला सांगितले. ठिणगीचा क्रम एक-तीन-दोन असतो, आम्ही एक-दोन-तीन लावला होता. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. "सर, पुढच्या वेळी काढताना वायरींवर नंबर टाका," म्हणाले. तेव्हापासून टाकतो.