हवेतल्या लहरी कुणाच्या? सातपुड्यातील पाडे आणि मल्टी-बँड रेडिओ

शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनसाठीचा अंगठा, पीक विम्याची नोंद ही सगळी हक्काची कामे आज मोबाइल नेटवर्कवरून होतात. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, साक्री या तालुक्यांतील एखाद्या डोंगराळ पाड्यावर रेंज नसेल, तर तिथल्या माणसाचा हक्क कागदावरच राहतो.

ज्या रेडिओ लहरींवर हे नेटवर्क चालते, ती सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले. सरकार त्यांचा लिलाव करते. २०२२ च्या लिलावात सुमारे दीड लाख कोटी रुपयांची बोली लागली. जळगाव आणि धुळे जिल्हे महाराष्ट्र दूरसंचार परिमंडळात येतात. मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा एवढा त्याचा विस्तार. कंपनी स्पेक्ट्रम घेते तो या अख्ख्या परिमंडळासाठी. पुण्यात त्याच लहरींवर गर्दी होते आणि सातपुड्यात टॉवर नसेल तिथे त्या नुसत्या पडून राहतात.

इथे मल्टी-बँड रेडिओचा संबंध येतो. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीची. ती दूरवर जाते, झाडी-डोंगरात तुलनेने बरी टिकते. फाइव्ह-जीची ३३०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ९ सेंटिमीटरची. ती भरपूर डेटा वाहते, पण लांब पोहोचत नाही. लांबीत एवढा फरक असल्याने आजवर प्रत्येक बँडसाठी बहुधा वेगळा अँटेना, फिल्टर आणि अॅम्प्लिफायर बसवावा लागे. एकाच संचात अनेक बँड सांभाळणारे भाग आले, की टॉवरवरचे वजन, वीज आणि खर्च कमी होतो. जिथे जो बँड मोकळा असेल, तो वापरता येतो. मात्र फोनमध्येही तो बँड हवा. जुन्या फोनमध्ये ७०० चा बँड नसेल, तर त्या बँडवरचा टॉवर समोर असूनही उपयोग नाही.

मोकळ्या लहरींचा प्रयोग महाराष्ट्रात झालेला आहे. दूरदर्शनसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १५ पैकी किमान १२ चॅनेल देशाच्या बहुतांश भागात रिकामे असल्याचे आयआयटी मुंबईच्या अभ्यासात दिसले. त्याच लहरींवर त्यांच्या चमूने पालघरमधील गावांपर्यंत इंटरनेट नेऊन दाखवले. पालघरच्या पाड्यांवर जे जमले, ते सातपुड्यात का करून पाहू नये?

कायद्याची वाटही उघडी आहे. दूरसंचार कायदा २०२३ चे कलम ७ सांगते, की एकाला दिलेला स्पेक्ट्रम त्याला अडथळा न आणता दुसऱ्यालाही वापरायला देता येतो. आणि पुरेशा कारणाविना वापरलाच नाही, तर सुनावणी घेऊन तो परत घेता येतो. पण हे अधिकार सरकारच्या हाती आहेत. खालून मागणी झाली नाही, तर ते कलम पुस्तकातच राहील.

१९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना बाबासाहेबांनी विजेबद्दल हाच आग्रह धरला होता: वीज स्वस्त आणि मुबलक मिळावी, ती सरकारच्या हाती असावी. नफ्याच्या हिशेबात न बसणाऱ्या वस्तीचा विचार व्हायचा, तर सार्वजनिक साधनावर लोकांचा ताबा हवा. लहरींनाही हाच न्याय लागू पडतो.

आम्हाला तीन कामे तातडीची वाटतात. कार्यकर्त्यांनी पाड्यानुसार रेंजची नोंद करून ती ग्रामसभेच्या ठरावात आणावी. खासदार-आमदारांकडे कलम ७ चा वापर आणि सातपुड्यात मोकळ्या लहरींचा प्रयोग, अशी नेमकी मागणी लावून धरावी. आणि जळगाव-धुळ्याच्या तंत्रनिकेतनांत, अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी अँटेना आणि रेडिओ सर्किटचा विषय अवघड म्हणून सोडू नये. या क्षेत्रातल्या चिप आजही बहुतांशी बाहेरून येतात. उद्या त्या इथे घडल्या, तर कोणत्या वस्तीसाठी काय बनवायचे हे ठरवणाऱ्यांत आपली माणसे असली पाहिजेत.