पाणीच नाय तं पंप कशाला मांगू?

मागच्या आठवड्यात एका कामासाठी जामसरला गेलो होतो. टपरीवर चहा घेताना सौर पंपाच्या योजनेचा विषय निघाला. शेजारी एक वयस्कर शेतकरी बसले होते. त्यांना सहज विचारलं, "काका, अर्ज भरला का?" ते हसले आणि म्हणाले, "दादा, पाणीच नाय तं पंप कशाला मांगू?"

खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना 2024 मध्ये आली, तेव्हा मीच तिची बातमी केली होती. अनुदान किती, अर्ज कुठे करायचा, कागदपत्रं कोणती, सगळं दिलं होतं. आपल्या भागात हा पंप लावायचा कुठे, हे मात्र विचारलं नव्हतं.

योजना वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. सर्वसाधारण शेतकऱ्याला 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला फक्त 5 टक्के रक्कम भरायची आहे, बाकी सरकार देणार. पण अट अशी की शेतात विहीर, बोअर, शेततळं किंवा जवळ बारमाही नदी-नाला पाहिजे. आता आपल्याकडे बघा. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो सगळा डोंगरावरून धावत खाली जातो आणि उन्हाळ्यात पाड्यावरची बाई हंडा घेऊन टँकरची वाट बघते. भात, नागली, वरई ही आपली शेती एका पावसाची. दिवाळी झाली की निम्मं गाव वीटभट्टीवर. अशा शेतकऱ्याने पंप कशासाठी मागायचा?

दुसरी योजना घ्या. 2024 पासूनच राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. चांगलं आहे. पण ज्याच्याकडे पंपच नाही त्याला यातून काय मिळालं? ही सवलत पंपाला आहे, शेतकऱ्याला नाही. ज्याच्याकडे आधीच पाणी आहे त्याची वीजही माफ होते, आणि ज्याच्याकडे पाणी नाही तो यादीतच येत नाही.

तिसरी, घराच्या छतावर सोलर बसवायची केंद्राची योजना. तीन किलोवॅटला 78 हजारांपर्यंत अनुदान. त्यासाठी आधी छत मजबूत पाहिजे आणि अनुदान सोडून उरलेले पैसे खिशात पाहिजेत. कारवीच्या कुडाच्या भिंती आणि वर कौलं असलेल्या घरावर हे पॅनल कसं बसवणार? आणि ज्या घरात दोन बल्ब आणि एक पंखा आहे, त्याचं बिल वाचून वाचून किती वाचणार?

म्हणजे ऊर्जेच्या नकाशावर जव्हार-मोखाडा नाहीच का? आहे की. मोखाडा तालुक्यात कोचाळे इथे मुंबई महापालिकेचं मध्य वैतरणा धरण आहे. 2014 मध्ये ते सुरू झालं आणि त्याची क्षमता मुंबईला रोज 45 कोटी 50 लाख लिटर पाणी देण्याची आहे. याच धरणावर 20 मेगावॅट जलविद्युत आणि 80 मेगावॅट तरंगते सौर पॅनल, असा 100 मेगावॅटचा प्रकल्प महापालिकेने मंजूर केला. मुंबईने 2022 मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि 2050 पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं ठरवलं. असे हरित प्रकल्प त्या वाटेवर मुंबईच्या कामाचेच आहेत.

ठरवावं, जरूर ठरवावं. पण डोंगर आमचा, पाऊस आमच्या डोंगरावरचा, बुडालेली जमीन इथली. पाणी मुंबईला गेलं. आता त्याच पाण्यावर तयार होणाऱ्या विजेत शेजारच्या पाड्यांचा वाटा किती, हा प्रश्न विचारला तर तो विकासाला विरोध कसा होतो?

आणि हवामान बदलाचा मार कुणाला बसतोय तेही बघा. 2025 साली मान्सून 26 मेलाच मुंबईत पोहोचला. 1950 पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. त्याच्या आधीही मे महिन्यात अवकाळीने झोडपलं होतंच. शहरातल्यांसाठी ती लोकलच्या खोळंब्याची बातमी होती. आपल्याकडे मे म्हणजे राब भाजायचा महिना. राब ओला झाला की रोपं बिघडतात, रोपं बिघडली की वर्ष बिघडतं. तिकडे ऑक्टोबरमध्ये कापलेलं भात शेतात पडलेलं असतं आणि परत पाऊस येतो. ज्या माणसाने आयुष्यात ना गाडी घेतली, ना एसी, त्याच्या वाट्याला हा हिशेब येतो. वर पुन्हा जंगल तुमच्या चुलीमुळे संपतं, हेही त्यालाच ऐकवलं जातं.

दिल्लीतले आकडे मोठे आहेत. 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, 2030 पर्यंत 500 गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता, अशा घोषणा 2021 मध्ये ग्लासगोच्या परिषदेत झाल्या. 2025 मध्ये देशाच्या एकूण स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला, हेही खरं आणि कौतुकाचं. पण स्थापित क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज वेगळी. प्रत्यक्षातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशातूनच येते. भाषणात मेगावॅट सांगणं सोपं असतं, कारण मेगावॅट बसवला की फीत कापता येते. पावसाळ्यात झाड तारेवर पडलं आणि पाड्यातली लाईट चार दिवस आली नाही, याची फीत कोण कापणार?

काही मित्र म्हणतील, लिहून काय होतं? त्यांना आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. डहाणूचं 500 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र कोळशावर चालतं आणि त्याची वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. तिथल्या लोकांनी चिकूच्या वाड्या आणि हवा वाचवण्यासाठी कोर्टकचेऱ्या केल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1996 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू प्राधिकरण बसलं. त्याने 1999 मध्ये धुरातला गंधक काढणारी यंत्रणा लावायचा आदेश दिला आणि 2007 च्या सुमारास ती लागली. गंमत बघा, 2025 मध्ये केंद्र सरकारने देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना याच यंत्रणेतून सूट दिली. डहाणूत ती आधीच लागलेली होती, कारण तिथली माणसं वर्षानुवर्षं मागे लागली होती.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींपुरतं आहे.

पहिली, आपल्या तालुक्यांत सोलर द्यायचाच तर आधी पाड्याच्या पाण्याला द्या. खालच्या नाल्यावरची विहीर, तिथून सौर पंपाने पाणी वर टाकीत, आणि टाकीतून प्यायला आणि परसबागेला. अशी कामं आपल्याकडे संस्थांनी करून दाखवली आहेत. देखभालीचा खर्चही त्यात धरा, नाहीतर दोन वर्षांत पॅनलवर कपडे वाळत घातलेले दिसतील.

दुसरी, मध्य वैतरणेच्या विजेच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा मोखाडा-जव्हारच्या पाड्यांसाठी कागदावर लिहून द्या. उपकार म्हणून नको, करार म्हणून पाहिजे.

तिसरी, कुठल्या पाड्यात महिन्याला किती तास वीज होती, ही यादी दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू द्या. मेगावॅट मोजता, तसे तासही मोजा.

आपला भाग पेसा क्षेत्रात आहे. ग्रामसभेच्या ठरावाला इथे वजन आहे, फक्त ठराव लिहावा लागतो. येत्या ग्रामसभेत हे तीन मुद्दे मांडा. मसुदा हवा असेल तर मला मेसेज करा, मी लिहून देतो. आणि तुमच्या पाड्यात या महिन्यात लाईट किती तास होती, तेवढं खाली कॉमेंटमध्ये टाका. गावाचं नाव लिहायला विसरू नका. यादी सरकारने करेपर्यंत आपणच सुरुवात करू.

जामसरच्या त्या काकांना मी पुढच्या वेळी भेटेन तेव्हा निदान एवढं तरी सांगता आलं पाहिजे, की काका, आधी पाणी मागितलंय.