मजा हवी, पण गांधीनगरच्या कोंडीत!

कांजूरमार्गच्या गांधीनगर चौकात लालबहादूर शास्त्री मार्ग आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता एकमेकांना छेदतात. तेथे रोज क्लच दाबून पाय दुखविणाऱ्यास ‘चालविण्याची मजा’ हे शब्दच थट्टेचे वाटावेत. तरीही मोटारप्रेमींचा एक वर्ग हाती गिअरचा हट्ट सोडत नाही. २००५ मध्ये आलेली स्विफ्ट हा त्यांचा मानदंड. २०२४ मध्ये तिचे चार सिलिंडरचे इंजिन जाऊन तीनचे आले, ही त्यांची खंत. दुसरा वर्ग २०१४ च्या सेलेरिओने आवाक्यात आणलेल्या एएमटीकडे वळला. गिअर बदलतानाचा हिसका त्याने पत्करला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने एएमटीचा जादा खर्चही फारसा जाणवत नाही. मात्र पहाटे पूर्व द्रुतगती मार्ग मोकळा मिळाला की क्लचची आठवण होतेच.