मेख मारलेल्या बंदुकीचे भय

तोफा शत्रूच्या हाती पडणार असे दिसताच माघार घेणारे सैन्य त्यांच्या कानात मेखा ठोकून निघून जाई. कान म्हणजे बत्ती देण्याचे छिद्र. ते बुजले की तोफ जागेवर राहे, पण डागता येत नसे. शस्त्र निकामी करण्याची कल्पना इतकी जुनी आहे. आपल्या कायद्याला मात्र अशा शस्त्राशी कसे वागावे हे अद्याप नीट उमगलेले नाही. त्याचा भुर्दंड सातारा-सांगलीकडे ऐतिहासिक प्रसंग उभे करणाऱ्या तरुणांना पडतो. हा धागा त्यांची बाजू घेणारा आहे.

प्रथम पार्श्वभूमी. लिटनच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसास शस्त्रासाठी परवाना सक्तीचा केला; युरोपियनांना सूट होती. ज्या मुलखाची अशी निःशस्त्र अवस्था केली गेली, तेथेच पुढे नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली. कुंडल आज सांगली जिल्ह्यात, शेणोली साताऱ्यात. हा इतिहास बंदुकीवाचून सांगताच येत नाही.

आता कायदा पाहू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ४५ म्हणते की, जुन्या बनावटीचे, पुराणमूल्य असलेले वा मोडके शस्त्र दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नसेल, तर त्यास अधिनियम लागू नाही. वाक्य उत्तम आहे. पण ‘दुरुस्त करूनही’ हे ठरविणार कोण? मिरवणुकीच्या वाटेवर बंदोबस्तास उभा असलेला हवालदार?

२०१९ मध्ये एका परवान्यावरील बंदुकांची मर्यादा तीनवरून एकवर आणण्याचा प्रस्ताव आला. वडिलोपार्जित शस्त्रे बाळगणाऱ्यांनी ओरड केली आणि अखेर मर्यादा दोन झाली. फेब्रुवारी २०२० च्या नियमांनी ‘क्युरिओ’ वर्गातील बंदूक विनापरवाना बाळगण्याची मुभाही दिली. ती नेण्या-आणण्यास वा वापरण्यास मात्र परवाना हवाच. म्हणजे वाड्याच्या भिंतीवरील बंदूक सुखरूप राहिली. प्रसंग उभा करणाऱ्याला ती मैदानापर्यंत न्यावी लागते, आणि सवलत नेमकी तेथेच संपते. ज्यांचा आवाज संसदेपर्यंत पोहोचला त्यांचेच काम झाले, असे म्हटल्यास चूक ठरेल काय?

त्यातच महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७. सणावारी निघणाऱ्या मनाई आदेशात तलवार, भाला, बंदूक यांच्यासोबत लाठीही येते. मर्दानी खेळाचे पथक नेमके सणालाच बाहेर पडते!

विरोधकांचे म्हणणे पोकळ नाही. मेख काढताही येते. जानेवारी २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांत केवळ आवाजापुरत्या म्हणून विकल्या गेलेल्या आणि पुन्हा जिवंत केलेल्या बंदुका वापरल्या गेल्या. त्यानंतर युरोपीय संघाने निकामी करण्याचे समान तांत्रिक निकष आणले. आपल्याकडे वाढदिवसाचा केक तलवारीने कापून चित्रफीत टाकणारे महाभाग आहेत; पथकांची बाजू सर्वाधिक दुबळी तेच करतात.

परंतु ब्रिटनने काय केले ते पाहा. १९८८ च्या कायद्यापासून लंडन वा बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस निकामी बंदूक तपासते, तिच्यावर खूण उमटवते, प्रमाणपत्र देते. निकष पुढे कडक झाले, पण प्रसंग उभे करणाऱ्यांच्या हातून बंदूक गेली नाही.

‘लाकडाची बंदूक घ्या की!’ असा सल्ला मिळतो. अवश्य घ्यावी, सरावासाठी. पण ठासणीच्या बंदुकीचे वजन खांद्यावर घेऊन दारू, गोळी, गज हा क्रम कोरडाच करून पाहा. एका बारानंतर दुसऱ्या बाराला किती अवधी लागतो आणि तेवढ्यात घोडदळ किती जवळ येते, हे हाताला कळते. लाकडी नळीत गजही जात नाही.

म्हणून मागणी एवढीच: अधिकृत तपासणी, नळीवर कायमची खूण, मालकाच्या नावाचे प्रमाणपत्र, आणि पोलीस ठाण्यास पूर्वसूचना दिली असल्यास नेण्या-आणण्याची स्पष्ट मुभा. खूण खोटी निघाली तर खुशाल गुन्हा नोंदवा.