लाघवाची किंमत कोणाच्या खाती?

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात, चिखला येथे, मॉयल या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची मँगनीजची भूमिगत खाण आहे. तेथून महिनाभरात दररोज किती टन खनिज वर आले याचे आकडे घेऊन सरासरी काढण्यास संगणकाला सांगावयाचे, तर प्रचलित भाषांत बहुधा दोनचार ओळी लिहाव्या लागतात. केनेथ आयव्हर्सन व रॉजर हुई यांनी १९९० च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘जे’ या संगणकभाषेत तेच काम +/%# एवढ्या चार चिन्हांत होते. पहिली दोन चिन्हे बेरीज करतात, तिसरे भागाकार करते, चौथे आकडे किती आहेत ते मोजते.

या लाघवाचा पुढे खेळच झाला. गोल्फमध्ये जसे कमीत कमी फटक्यांत चेंडू खळग्यात घालावयाचा, तसे कमीत कमी अक्षरांत प्रोग्रॅम लिहावयाचा. त्यासाठी २००७ मध्ये ‘गोल्फस्क्रिप्ट’ आली. मागाहून आलेल्या ‘जेली’ने तर एका बाइटमध्ये मावणाऱ्या २५६ चिन्हांचा आपला स्वतंत्र संच घेऊन त्यांतील बहुतेकांना आपापली कामे नेमून दिली.

अशा भाषांना सरसकट ‘अल्पतम’ म्हटले जाते, आणि घोटाळा येथेच होतो. भाषा लहान असणे आणि त्या भाषेतील लेखन लहान असणे या दोन भिन्न, किंबहुना परस्परविरोधी गोष्टी आहेत. उर्बान म्युलर यांनी १९९३ मध्ये अवघ्या आठ आज्ञांची भाषा रचली. तिचा भाषांतरक काहीशे बाइट्सचा, पण तीत साधा गुणाकार लिहितानाही चिन्हांची रांग लागते. उलट जेलीतील प्रोग्रॅम चिमुकला, पण तो वाचण्यासाठी शेकडो आज्ञांचा कोश पाठ हवा. एका बाजूने वाचविलेले दुसऱ्या बाजूने मोजून द्यावे लागते.

रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांच्या १९६५ च्या सिद्धान्तात याला आधार सापडतो. एखादी माहिती निर्माण करणाऱ्या सर्वांत छोट्या प्रोग्रॅमची लांबी दोन भाषांत वेगळी असू शकते, परंतु तो फरक एका ठरावीक मर्यादेपलीकडे जात नाही. आणि ही मर्यादा म्हणजे एक भाषा दुसरीत समजावून सांगणाऱ्या भाषांतरकाची लांबी. तेव्हा ज्याला आपण बचत म्हणतो ते पुष्कळदा खर्चाचे स्थलांतर असते. भूमिगत खाणीत खनिज काढल्यावर उरलेली पोकळी वाळूने भरावी लागते, आणि टनामागील खर्च काढताना ती वाळू वगळून चालत नाही.

अर्थात लाघव हे खूळ नव्हे. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृतचे व्याकरण बसविले आणि ‘अच्’ या एका संज्ञेत सर्व स्वर गोळा केले. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, ही उक्ती काशीत राहिलेल्या नागोजीभट्ट काळे या महाराष्ट्रीय पंडिताच्या परिभाषाग्रंथात आहे. मुखोद्गत करावयाच्या शास्त्रात स्मरणशक्ती हीच दुर्मीळ वस्तू होती. तिची काटकसर रास्तच. मात्र ती सूत्रे उलगडण्यासाठी पतंजलीला महाभाष्य लिहावे लागले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये चालू झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकाच्या स्मृतीत केवळ २०४८ शब्द मावत. तेथेही आखूड लिहिणे ही गरज होती. आज स्मृती स्वस्त आहे; महाग आहे तो वाचणाऱ्याचा वेळ.

हा प्रश्न आता शाळेच्या दाराशी आला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात प्रोग्रॅम-लेखनाचे उपक्रम सुचविले आहेत. चिखल्याच्या मुलापुढे कोणती भाषा ठेवावयाची? चिन्हांच्या भाषेचा एक युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही: +/%# यात इंग्रजी अक्षर एकही नाही, म्हणून मराठी शाळेतील मूल आणि इंग्रजी शाळेतील मूल तिच्यापुढे सारखेच अनभिज्ञ. पण ज्या % या खुणेचा अर्थ गणिताच्या तासाला ‘शेकडा’ असा शिकविला, तिचा अर्थ संगणकाच्या तासाला ‘भागाकार’ होतो. शिवाय दाट लेखनात एक खूण चुकली तर वाक्य बिघडत नाही, भलत्याच अर्थाचे होते. आणि ती चूक वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या लेखनातून शोधण्याचे काम शिक्षकाचे.

म्हणून आखूड लेखनासाठी नवी भाषा रचणाऱ्याने प्रोग्रॅमची अक्षरे, भाषांतरकाचा आकार आणि ती भाषा शिकविणाऱ्या पुस्तिकेची पाने यांचा हिशेब एकत्र मांडावा. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी हा खेळ जरूर खेळावा. एक अक्षर कमी करण्यासाठी मूळ प्रश्नच निराळ्या रीतीने पाहावा लागतो आणि त्यातून बुद्धीला चांगली धार येते. शाळेतील मूल्यमापनात मात्र आखूडपणाला गुण ठेवू नयेत. शेजारच्या बाकावरील मुलाला तो प्रोग्रॅम वाचून समजतो की नाही, यासाठी ठेवावेत.